मागच्या अंगणात खुराडं बांधायचंय: मांजर-मुंगूस आत शिरणार नाही असं कसं करावं?

जुळेकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घर आहे. मागे १२ बाय १५ फुटांची जागा, पाच फुटी कंपाउंड आणि भिंतीपलीकडे रिकामा प्लॉट. त्यात वेड्या बाभळी माजल्यात. घरच्या अंड्यांपुरत्या आठ गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. त्यातली एक भर दुपारी चरताना गायब झाली, भिंतीपाशी नुसती पिसं. नंतर दुसरी सकाळी खुराड्यातच मेलेली सापडली. मुंडकं नाही, बाकी अंग तसंच.

खुराडं म्हणजे जुन्या पलंगाची चौकट, भोवती ती षटकोनी कोंबडीजाळी आणि वर पत्रा. कोपऱ्यात जाळी फाकलेली होती. शेजारी म्हणतात मुंगूस. वडील म्हणतात चारी बाजूंनी पत्रा ठोक, कटकट मिटली. उरलेल्या सहा आणि नवीन दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) धरून आठ जणींचं करायचंय. जाळी कुठली, तळाला काय, कुणी सांगेल का?

ग्रिलवाले काका

पत्रा ठोकू नका. बाकीचं वाचा न वाचा, एवढं ऐका. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. चारी बाजूंनी पत्रा म्हणजे कोंबड्यांची भट्टी. कोंबडीला घाम येत नाही वो, चोच उघडून धापा टाकत अंग गार करते. हवाच खेळली नाही तर मांजराची वाट बघायची गरज नाही, एका दुपारीत सगळ्या आडव्या. चोर अडवायचा आणि वारा सोडायचा, ही दोन्ही कामं एकटी जाळी करते. म्हणून पैसे जाळीवर घाला.

आता तुमचे चोर बघू. मुंगूस दिवसाचा गडी, रात्री बिळात असतो. दुपारची कोंबडी त्यानं नेली असेल, नाही तर बोक्यानं. पण रात्री जाळी फाकवून मुंडकं खाल्लं ते काम मुंगसाचं वाटत नाही. बोका किंवा उदमांजर म्हणा. बाभळीत उदमांजर असतंयच, दिसत नाही एवढंच. म्हणजे रात्रीची खोली आणि दिवसाचं फिरायचं आवार, दोन्हींचा बंदोबस्त लागणार.

माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, घरी कोंबड्याही आहेत. मी असं करतो.

षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवायला असते, बाहेरच्याला अडवायला नाही. बोक्यानं पंजा घातला की तार उसवते. अर्धा इंची वेल्डमेश घ्या, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी घरांची जाळी, जस्त चढवलेली, १८ गेजपेक्षा बारीक तार नको. आणि एक महत्त्वाचं: जाळी चौकटीच्या लोखंडी अँगलला वेल्डिंगनं टाचायची नाही. कारागीर झटपट टाके मारून मोकळा होतो, पण तिथलं जस्त जळतं आणि पावसाळ्यात तिथंच गंज धरतो. मग नुसत्या बोटानं ढकलली तरी जाळी सुटते. अँगल आणि लोखंडी पट्टी यांच्यात जाळीची कड दाबायची आणि वीतभर अंतरावर नट-बोल्ट. वेळ लागतो, पण ओढून निघत नाही. बायंडिंग वायरनं बांधणं म्हणजे देवावर भरवसा.

रात्रीची खोली ४ बाय ४ फूट, आठ जणींना पुरते. ती दोन फुटी पायांवर उचला. खालून वारा जातो, घुशीला तळ पोखरता येत नाही, आणि दुपारी कोंबड्यांना खाली सावली मिळते. समोरासमोरच्या दोन बाजू पूर्ण जाळीच्या. पश्चिमेची बाजू बंद, तीही लाकडी फळ्यांनी. दुपारनंतरचं ऊन तिकडूनच भाजतं. बसायला लाकडाचे दोन दांडे, दोन इंच जाडीचे, एकाच उंचीवर. एक वर एक खाली केलं की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी. पाइप नको, तापतो.

वर पत्रा चालेल, पण पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या दाबून बांधा किंवा चुना मारा. दोन्ही केलं तर उत्तम.

आवार ८ बाय १० करा. ते जमिनीवर आहे, म्हणून तिथं उकरणारे येणार. काळी माती असेल तर नुसतं कडेनं काँक्रीट ओतू नका, उन्हाळ्यात जमीन भेगाळली की तेही तडकतं. जाळी फूटभर खाली गाडा, मग बाहेरच्या अंगाला दुमडून दीड फूट आडवी पसरा. वर माती आणि शहाबादी फरशीचे तुकडे. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, त्याला जाळी लागते आणि नाद सोडतं. दीड फूट मागं जाऊन बोगदा काढायची अक्कल त्याला नसते. आवाराच्या वरही वेल्डमेशच. मासेमारीचं जाळं घारीला अडवतं, बोक्याला नाही.

दार बाहेर उघडणारं करा. कुत्र्यानं धडक दिली तर ते चौकटीवर आणखी दाबलं जातं. नुसती कडी नको, कोयंड्यात कुलूप किंवा स्प्रिंगचा हूक अडकवा. दाराखाली अर्ध्या इंचाहून जास्त फट नको.

शेंगाचटणी

काका, एवढा खर्च आठ कोंबड्यांना? आमच्या आजीनं जन्मभर डाल्याखाली कोंबड्या झाकल्या. वर दगड ठेवला की झालं की.

ग्रिलवाले काका

ताई, डालं रात्री घराच्या आत होतं का अंगणात? आमच्याकडं पडवीत असायचं, शेजारी माणूस झोपलेलं. राखण तो माणूस करायचा, डालं नाही. जुळेकरांनी पडवीत झोपायची तयारी ठेवली तर माझं काही म्हणणं नाही.

शेंगाचटणी

हा हा, बरोबर. आजीच झोपायची तिथं. बरं, माझ्याकडून एक घ्या: खालती पसरायला शेंगांची टरफलं वापरा, आपल्याकडं कमी नाहीत. तीन-चार इंच थर द्यायचा. ओली झाली की लगेच काढायची, बुरशी धरतात. नवीन तलंगा थेट जुन्यांत सोडू नका. पंधरा दिवस वेगळ्या ठेवायच्या, आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झालीय का ते देणाऱ्याला विचारा.

बाभूळबन

एवढं कशाला? भिंतीपाशी विषाचा गोळा टाका. मुंगूस, घूस, सगळ्यांचा एकदम निकाल.

ग्रिलवाले काका

हे करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, मुंगूस त्यात येतो, मारला तर गुन्हा. आणि विष खाल्लेला उंदीर अंगणात येऊन पडला की पहिली चोच कोंबडीच मारते. शिवाय मुंगूस बाभळीत आहे तोवर तिथले साप-उंदीर आटोक्यात आहेत. त्याला राहू द्या, आत येऊ देऊ नका. दाणे रात्री उघडे ठेवले नाहीत आणि अंडी संध्याकाळपर्यंत उचलली तर घूस-साप निम्मे तिथंच कमी होतात.

जुळेकर

काका, मनापासून आभार. वडिलांना वाचून दाखवलं. उन्हाचा मुद्दा पटला, पत्र्याचा विषय बंद. दोन शंका. अंड्यांचे खोके आत ठेवू का बाहेरून काढू? आणि अँगल एक इंची का पाऊण?

ग्रिलवाले काका

पाय एक इंची, बाकी चौकट पाऊण इंची चालतीय. खोके बाहेरून काढा, रोज आत वाकायला नको. फूट बाय फुटाचे दोन पुरे. पण झाकणाला कडी लावायचं सगळे विसरतात. बोका झाकण डोक्यानं उचलतो, मी बघितलंय. तिथंही स्प्रिंगचाच हूक.

आणि तुम्ही बाहेरगावी गेलात तर दिवेलागणीला दार कोण लावणार ते आधी ठरवा. कोंबड्या आपल्या आपण आत जाऊन बसतात, दार लावायला माणूसच लागतो. शेजाऱ्यांना चावी द्या, आठवड्याची चार अंडी द्या, ते मुंगसाचं नाव घेणार नाहीत.