कोची: तुम्ही काय पाहिलंत?

केरळच्या सहलीत कोचीच्या वाट्याला येतो तो जेमतेम एक दिवस. त्यातलाही अर्धा विमानतळ आणि मसाल्यांची खरेदी खाऊन टाकते. आम्ही मुद्दाम चार रात्री फोर्ट कोचीत राहिलो, तर घरचे म्हणाले, "चार दिवस तिथे केलंत काय?" म्हणून विचारतेय. ज्यांनी कोची निवांत पाहिली आहे त्यांनी लिहा, फसलेले बेतही चालतील.

सुरुवात माझ्यापासून. मुख्य भूमीवरच्या एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला बोटीनेच जा, पुलावरून गाडीने नको. वाटेत जे विलिंग्डन बेट लागतं ते माणसांनी केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरने बंदर खोल करताना उपसलेला गाळ टाकून ते उभं केलं. मुळात इथलं बंदरच 1341 च्या पुराची देणगी. पेरियार नदीला आलेल्या त्या पुराने मुझिरिस हे जुनं बंदर गाळाने बुजलं आणि इथलं खाडीचं मुख मोकळं झालं. आमच्या शेजारी मासळीची रिकामी टोपली घेऊन बसलेल्या आजींना यातल्या कशाचंच अप्रूप नव्हतं. त्या मस्त डुलक्या काढत होत्या.

* * *

फसलेला बेत आमचा घ्या. शुक्रवारी मट्टनचेरी राजवाड्यावर गेलो, बंद. शनिवारी सिनेगॉगवर, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळावर, तेही बंद. रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना चालू, थांबा. तीन दिवस तीन दारांशी उभे! शेवटी चर्च मिळालं. वास्को द गामाला 1524 मध्ये इथेच पुरलं होतं. कठडा घातलेला दगड आहे जमिनीत. अवशेष पुढे 1539 मध्ये पोर्तुगालला नेले. माझा नऊ वर्षांचा मुलगा बराच वेळ वाकून बघत होता. मग म्हणाला, "बाबा, मग आता यात कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर त्याचा रसच गेला.

तो रमला छताखालच्या कापडी पंख्यांत. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर काढलेत, म्हणजे ओढणारा बाहेर उन्हात आणि वारा आतल्या साहेबांना.

* * *

माझ्या सासूबाई मालवणच्या. मट्टनचेरीत चेर्लाईला तिरुमल देवस्वमचं देऊळ आहे, गौड सारस्वतांचं. पोर्तुगीजांच्या धाकाने गोव्यातून निघालेली ही मंडळी. आवारात दोन बायका फुलं निवडत बोलत होत्या. सासूबाई थबकल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "अगो, ही आमच्यासारख्या बोलतत!" मग काय, अर्धा तास. यांची मालवणी, त्यांची मल्याळम मुरलेली कोकणी. निम्मं कळत होतं, उरलेलं हसण्यावर निभावलं.

घरी आल्यावर अजून एक वाचलं. डच गव्हर्नर वान ऱ्हेडेने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवला, 'हॉर्टुस मलाबारिकुस'. पहिला खंड 1678 मध्ये ॲमस्टरडॅमला छापला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांची साक्ष आहे, कोकणीत आणि नागरी लिपीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडात छापलेली आपली अक्षरं! सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "त्या बायकांचा फोन नंबर घेतलास का?"

* * *

मला नाही आवडलं, स्पष्ट सांगतो. एप्रिलमध्ये गेलो ही चूक माझीच. अंगाला शर्ट चिकटलेला, ज्यू टाउनमध्ये दुकानामागून दुकान, सगळीकडे त्याच पितळी वस्तू. मिरी-सुंठीचा वास तेवढा खरा. तो जुन्या वखारींच्या दारातून येत होता.

* * *

चीनवल, म्हणजे ती चिनी जाळी, फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. ओढून बघा. मला एकाने खुणेने बोलावलं, दोर हातात दिला. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लोंबणारे धोंडे, मध्ये सागवानी तुळई. धोंडे एकेक करून खाली टेकतात तसं जाळं वर येतं. पाच जण ओढत होते, त्यात माझं ओढणं बहुधा नावालाच. वर आलं काय? मूठभर बारीक मासे, एक खेकडा आणि भरपूर जलपर्णी. मग त्यांनी पैसे मागितले. मी आधी जरा रागावलो, पण ते जाळ्यातलं बघितलं आणि दिले.

* * *

एप्रिलवाल्या दादांना सांगायचंय, त्या दुकानांच्या गल्लीच्या टोकाशीच परदेशी सिनेगॉग आहे, 1568 चं. चपला बाहेर काढायला लावतात ते बरंच. आतली फरशी कँटनहून आलेली, निळी-पांढरी, हाताने रंगवलेली. एका फरशीवरची झाडाची फांदी शेजारच्या फरशीवर जराशी वेगळी वळते. मी तिथेच बाकावर बसून फांद्याच बघत राहिले. आजूबाजूला सगळे माना वर करून झुंबरांचे फोटो काढत होते. इथले बहुतेक यहुदी 1948 नंतर इस्राएलला गेले.

* * *

चेर्लाईच्या देवळाबद्दल एक प्रश्न. पुरुषांना शर्ट काढून मुंडू, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, नेसावं लागतं का? बाबा अडून बसलेत.

* * *

आमच्या ह्यांना काढावा लागला. आधी लाजले, मग म्हणाले, या उकाड्यात हेच बरं.