फायरवॉलचा नियम बदलतो, वीज गेली की परत जुनाच

रामबाग, इंदूर

नमस्कार मंडळी. इथे रामबागेत मामांचा छापखाना आहे, तिथल्या कॉम्प्युटरांचं सगळं मी बघतो. अकरा मशीनं आणि कोपऱ्यात एका जुन्या पीसीवर आयपीफायर, म्हणजे नेटवरून आत काय येऊ द्यायचं ते ठरवणारी लिनक्सवरची फायरवॉल. ते बसवणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना वहीच्या कागदावर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड आणि खाली एक ओळ लिहून गेला: "देवासचे नियम हाताने टाकले आहेत."

आमचं एक काउंटर देवासला आहे. तिथून ऑर्डरचं सॉफ्टवेअर उघडतात, म्हणजे बाहेरून ८०८० पोर्टवर आलेलं फायरवॉल आत १९२.१६८.१.२० कडे वळवतं. मागच्या महिन्यात सर्व्हर बदलला, नव्याचा पत्ता १९२.१६८.१.३५. वेब पानावर फायरवॉलचे नियम उघडून पाहिले तर हा नियम तिथे नाहीच. मग एसएसएचने (दुरून हुकूम द्यायची सोय) आत शिरलो, आयपीटेबल्सला, म्हणजे फायरवॉलचे नियम घालण्या-काढण्याच्या हुकुमाला, नॅटचे (पत्ता वळवण्याचे) नियम दाखवायला सांगितलं. तिथे २० होता. तो काढला, ३५ चा घातला, फॉरवर्डमध्येही (पलीकडे जाऊ देण्याच्या नियमांत) तसंच केलं. देवासला लगेच सुरू झालं.

रविवारी पाऊस, वीज गेली, यूपीएसही उतरला. मशीन उठलं आणि परत २०! सोमवारी सकाळी आठला देवासच्या काकांचा फोन: लग्नपत्रिकेचं प्रूफ घ्यायला मुलीचे वडील समोर बसलेत आणि ऑर्डर उघडत नाही. मी घाईत २० तसाच ठेवून त्याच्या वर ३५ चा नियम घातला आणि वेळ भागवली. पण हा नियम लिहिलाय कुठे? ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरात शेकडो फायली आहेत, एकेक उघडून बघणं होत नाही.

लष्कर, ग्वाल्हेर

भाऊ, आयपीटेबल्सचा हुकूम दिला की नियम कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीत जातो. डिस्कवर एक अक्षरही उमटत नाही. मशीन उठताना कुठलीतरी फाईल वाचून नियम नव्याने बांधतं, ती फाईल तुम्हाला हवी आहे.

नाव माहीत नसेल तर मजकुरावरून शोधा. जुना पत्ता तुमच्याकडे आहेच. ग्रेपला (मजकूर शोधणारा हुकूम) आर, एल आणि डब्ल्यू हे पर्याय द्या, १९२.१६८.१.२० हा पत्ता द्या आणि शोधायला दोन जागा सांगा: /ईटीसी आणि /व्हार/आयपीफायर. डब्ल्यू विसरू नका, नाहीतर २०० ते २०९ चे पत्तेही गोळा होतील.

आयपीफायरमध्ये वेब पानावरून केलेलं सगळं /व्हार/आयपीफायर खाली साठतं. तिथल्या फायली हाताने बदलू नका. नंतर कोणी वेब पानावर सेव्ह दाबलं की तुमची दुरुस्ती पुसली जाऊ शकते. हाताने लिहायची हक्काची जागा म्हणजे /ईटीसी/सिसकॉन्फिग/फायरवॉल.लोकल. तुमच्या कागदावरच्या ओळीवरून मला तीच वाटते.

एक युक्ती सांगून ठेवतो, बहुतेक लिनक्स फायरवॉलवर चालते. वेब पान कुठली फाईल लिहितं हे कळत नसेल तर पानावर एखाद्या नियमाची टीप बदला, सेव्ह करा आणि लगेच फाइंडला (फायली शोधणारा हुकूम) सेटिंगच्या फोल्डरांवर एम-मिन उणे ५ देऊन गेल्या पाच मिनिटांत बदललेल्या फायली मागा. यादी छोटी येते, त्यात ती असतेच. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारं लिनक्स) मला असंच उमगलं. तिथे बहुतेक सगळं /ईटीसी/कॉन्फिग खाली एकत्र असतं आणि फाईल बिघडली तर कंपनीची मूळ प्रत /रॉम खाली सापडते. आयपीफायरमध्ये तशी सोय नाही, म्हणून हात लावण्याआधी प्रत काढा.

रामबाग, इंदूर

सापडली, फायरवॉल.लोकलच! पत्ता चार ठिकाणी होता, स्टार्टच्या (नियम घालण्याच्या) भागात दोनदा आणि स्टॉपच्या (काढण्याच्या) भागात दोनदा. फाईल विनएससीपीने (फायली ने-आण करणारा प्रोग्रॅम) माझ्या मशीनवर घेतली. विंडोज ७ च्या नोटपॅडमध्ये सगळं एकाच ओळीत दिसलं, म्हणून वर्डपॅडमध्ये उघडली, चारही पत्ते बदलून परत चढवली. आता रीलोड दिलं की "बॅड इंटरप्रिटर" येतं. एकही अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही.

दांडिया बाजार, वडोदरा

अक्षर बदललं नाही, ओळीचा शेवट बदलला. लिनक्सला ओळ संपवायला एकच चिन्ह लागतं, वर्डपॅड दोन घालतं. पहिल्या ओळीत शेलचं, म्हणजे ही फाईल चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव आहे, त्याच्या शेपटीला ते जादा चिन्ह चिकटलंय, म्हणून त्या नावाचा प्रोग्रॅम मशीनला सापडत नाही. कॅटला (फाईल दाखवणारा हुकूम) मोठा ए देऊन फाईल बघा, प्रत्येक ओळीच्या टोकाला टोपीचं चिन्ह आणि एम दिसेल. व्हीआयमध्ये (लिनक्सचा एडिटर) उघडून कोलन आणि 'सेट एफएफ=युनिक्स' द्या आणि सेव्ह करा. यापुढे फाईल तिथल्या तिथे व्हीआयमध्येच बदला. आय दाबून लिहायचं, एस्केप, मग कोलन डब्ल्यूक्यू. चुकलं तर कोलन क्यू आणि उद्गारचिन्ह, फाईल होती तशी राहते. एवढं पुरतं.

पण खरा घोटाळा पुढे आहे, तो आधीच सांगते. रीलोड म्हणजे आधी स्टॉप, मग स्टार्ट. तुम्ही स्टॉपच्या भागातही ३५ लिहिलंत. समजा मेमरीत २० चा नियम बसलेला असताना फाईल बदलून रीलोड दिलंत. स्टॉप ३५ चा नियम काढायला जाईल, तो तिथे नसेल. स्टार्ट ३५ चा नियम २० च्या खाली जोडेल. वळवण्याच्या कामात पहिला जुळलेला नियम चालतो, म्हणजे सगळं २० कडेच जाणार आणि फाईल मात्र बरोबर दिसणार. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, फाईल दहा वेळा वाचली, चूक सापडेना. म्हणून क्रम असा ठेवा: जुन्या फाईलनेच स्टॉप द्या, मग बदला, मग स्टार्ट. किंवा स्टॉपच्या भागात कस्टमप्रीराउटिंग आणि कस्टमफॉरवर्ड या दोन साखळ्या (नियमांच्या याद्या) सरळ रिकाम्या करा, म्हणजे पत्त्याचा प्रश्नच येत नाही.

आणि हे काम घरून करू नका. मशीनला मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसा. दुरूनच करायचं असेल तर आधी आयपीटेबल्स-सेव्हने चालू नियम एका फाईलमध्ये घ्या आणि नोहपखाली (आपण बाहेर पडलो तरी हुकूम चालू ठेवतो तो) पाच मिनिटांचा स्लीप आणि त्यानंतर आयपीटेबल्स-रीस्टोर असा हुकूम मागे सोडून ठेवा. बाहेर अडकलात तर पाच मिनिटांत दार आपोआप उघडेल. सगळं नीट झालं तर तो हुकूम मारून टाका.

जाता जाता, त्या नियमात देवासचा पत्ता उणे एसने (कुठून आलंय ते तपासणारा पर्याय) बांधलाय ना ते बघा. नसेल तर तुमच्या ऑर्डरी साऱ्या जगाला उघड्या आहेत.

रामबाग, इंदूर

ताई, अगदी तेच होतं. साखळीत २० वर आणि ३५ खाली, दोन्ही एकाखाली एक दिसले. स्टॉपमध्ये साखळ्या रिकाम्या केल्या, स्टार्ट दिला, आता एकटा ३५ आहे. देवासचा पत्ता बांधलेला नव्हता, तोही घातला. तिथलं कनेक्शन स्थिर पत्त्याचं आहे म्हणून जमलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामांना सांगून यूपीएसचं बटण बंद केलं, पाच मिनिटं थांबलो, चालू केलं. मशीन उठल्यावर काकांना फोन लावला. त्यांनी ऑर्डर उघडून पहिल्या पत्रिकेवरचं नाव वाचून दाखवलं. फाईलची छापील प्रत त्या वहीच्या कागदामागे टाचून ठेवली आहे, प्रत्येक ओळीसमोर ती कशासाठी आहे ते मराठीत लिहून.