सल्ला हवा: मिलिराँटजेनमधील सर्व्हे मीटरचे आकडे मिलिसीव्हर्टमध्ये कसे न्यावेत?

कॅथलॅब_तंत्रज्ञ:
नमस्कार. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये (क्ष-किरणांखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व उपचार होतात तो कक्ष) काम करतो. आमचा सर्व्हे मीटर (परिसरातील किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण) जुना, काट्याचा असून त्याच्या तबकडीवर मिलिराँटजेन प्रतितास हे एकक आहे. टीएलडी बॅजचा (कर्मचाऱ्याला मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा नोंदवणारा, अंगावर लावायचा बिल्ला) तिमाही अहवाल मात्र मिलिसीव्हर्टमध्ये येतो. टेबलापासून दोन मीटरवर, जिथे परिचारिका उभी राहते, तिथे फ्लुओरोस्कोपी (क्ष-किरणांचे थेट चलचित्र) चालू असताना काटा २० वर स्थिरावतो. प्रत्येक रुग्णामागे १० मिनिटे आणि तिमाहीत ६० रुग्ण धरले, तर एकूण २०० मिलिराँटजेन होतात. '१ मिलिराँटजेन म्हणजे १० मायक्रोसीव्हर्ट' या नेहमीच्या सूत्राने ते २ मिलिसीव्हर्ट भरतात, मोबाइलवरील एका ॲपने १.७५ दाखवले, आणि त्या परिचारिकेच्या बॅजवर मात्र ०.१५ आले आहे. तिने नुकतेच ती गरोदर असल्याचे कळवले आहे, त्यामुळे यांपैकी कोणता आकडा खरा मानावा हा प्रश्न माझ्यासाठी केवळ गणिताचा राहिलेला नाही. कोणते सूत्र वापरावे आणि नवा मीटर मागवावा का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वैद्यकीय_भौतिकी:
आपल्या बेरीज-गुणाकारात चूक नाही; अडचण राँटजेन या एककाच्या स्वरूपात आहे. रेमचे सीव्हर्ट किंवा रॅडचे ग्रे करणे हे खरे रूपांतर आहे, कारण तिथे राशी तीच राहते आणि १०० ने भागले की काम संपते. राँटजेन मात्र क्ष-किरणांनी हवेत किती विद्युतभार निर्माण केला एवढेच सांगतो (१ राँटजेन म्हणजे एक किलो हवेत २.५८ × १०⁻⁴ कूलोम), तर सीव्हर्टचा संबंध शरीराला पोहोचणाऱ्या मात्रेशी असतो. ॲपने १ मिलिराँटजेनला ८.७६ मायक्रोग्रे हा हवेतील मात्रेचा गुणक लावला आणि उत्तरापुढे सीव्हर्ट लिहिले, म्हणून १.७५ आले. हवेकडून शरीराकडे येताना आणखी एका गुणकाची गरज लागते आणि तो किरणांच्या ऊर्जेनुसार बदलतो. सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांसाठी तो सुमारे १.२ आहे, म्हणून तिथे १० चे सूत्र चांगले जुळते, आणि अनेक मीटरचे कॅलिब्रेशन (प्रमाणित स्रोताशी आकडे जुळवणे) सीझियमवरच होत असल्याने ते सूत्र सर्वत्र रुळले. कॅथलॅबमधील विखुरलेले क्ष-किरण त्याहून बऱ्याच कमी ऊर्जेचे असतात. ४० ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) या पट्ट्यात हा गुणक दीड ते पावणेदोनच्या आसपास जातो, म्हणजे १ मिलिराँटजेन सुमारे १३ ते १५ मायक्रोसीव्हर्ट होतो. आपले २०० मिलिराँटजेन अडीच ते तीन मिलिसीव्हर्ट धरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरक्षेच्या हिशेबात कमी आकडा देणारे सूत्र मी कधीही निवडणार नाही.

बॅजचा ०.१५ हा आकडा याच्या विरोधात जात नाही. मीटर उघड्यावर धरलेला असतो आणि बॅज शिशाच्या ॲप्रनखाली छातीवर असतो. ०.५ मिलिमीटर शिसे-समतुल्य ॲप्रन हे विखुरलेले किरण ९० टक्क्यांहून अधिक अडवतो, त्यामुळे तीनचे ०.१५ होणे पूर्णपणे संभवनीय आहे. मात्र परिचारिकेने ॲप्रन आणि बॅज दररोज घातले होते का, हे तिला आवर्जून विचारावे.

जुना_आरएसओ:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु गुणकाच्या आधी मीटरच्या आत काय आहे ते पाहावे. गायगर नळीचा (किरणांचे ठोके एकेक करून मोजणारा) मीटर असेल तर स्पंदित, म्हणजे तुटक झोतांच्या, फ्लुओरोस्कोपीत तो मूळातच कमी मोजू शकतो, आणि मग कोणतेही सूत्र त्या आकड्याला वाचवू शकत नाही. नवा घ्यायचाच असेल तर आयनीकरण कक्षाचा (हवेत निर्माण झालेला विद्युतभार मोजणारा), थेट मायक्रोसीव्हर्ट प्रतितास दाखवणारा घ्यावा आणि कॅलिब्रेशन प्रमाणपत्रात कोणत्या ऊर्जेवर तपासणी झाली ते वाचावे. तोपर्यंत जुन्या तबकडीच्या काचेवर '१ = १५ मायक्रोसीव्हर्ट, फक्त कॅथलॅबसाठी' अशी पट्टी चिकटवून ठेवावी.

आणखी एक चूक मी स्वतः अहवालात पकडलेली आहे. मायक्रोचे ग्रीक अक्षर सिम्बॉल फाँटमध्ये टाइप केलेले असते, आणि फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताना फाँट बदलला की त्याचे साधे 'एम' होते, म्हणजे २५ मायक्रोसीव्हर्टचे २५ मिलिसीव्हर्ट झालेले असतात. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट आहे, त्यामुळे असा एक आकडा पाहून संपूर्ण विभाग घाबरला होता. मायक्रो आणि मिलि हे शब्द अक्षरांतच लिहावेत.

कॅथलॅब_तंत्रज्ञ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मीटर उघडून पाहिला. आत गायगर नळीच आहे, म्हणून २० हा आकडाच आता मी गृहीत धरत नाही. परिचारिकेने ॲप्रन आणि बॅज नियमित घातल्याचे सांगितले. तिच्या बाबतीत पुढे काय करावे?

वैद्यकीय_भौतिकी:
गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळासाठी गर्भाची मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. आजच आपल्या आरएसओंना (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांना) लेखी कळवावे, ॲप्रनखाली पोटाच्या पातळीवर वेगळा बॅज मागावा आणि तो येईपर्यंत तिला कंट्रोल रूममधील काम द्यावे.