सनबीम टायगर गाडीचा आठवा स्पार्क प्लग निघत नाही, मदत हवी आहे

राम राम मंडळी. जळगावात माझ्या गॅरेजला एका काकांची १९६५ ची सनबीम टायगर आलीय. एवढ्याशा गाडीत फोर्डचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन कोंबलंय, हात घालायला फट नाही. सात प्लग निघाले, बोटं सोलली. आठवा मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटून. केबिनमध्ये रबरी बूच काढलं की भोक आहे, तिथून पान्याचा लांब दांडा (एक्स्टेन्शन) जातो. पण पाना तिरका बसतो. प्लग १८ मिमीचा, निमुळत्या बैठकीचा, वॉशर नाही, म्हणून जाम बसलाय. युनिव्हर्सल जॉइंट (पाना वाकवून फिरवायचा सांधा) लावून जोर दिला तर प्लगची चिनीमाती फुटेल का? इंजिन कोमट असताना फिरवू की पूर्ण थंड झाल्यावर? कुणी काढलाय का भो? भरीत-भाकरी माझ्याकडून.