पुरानंतरची झोप कुठल्या खात्यात धरायची?

प्रगती जीडीपीनं (देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्यानं) मोजावी की लोकांच्या सुखसमाधानानं, या चर्चेत एकांनी लिहिलंय की आधी उत्पन्न वाढू द्या, सुखसमाधान मागोमाग येईलच. मी सांगलीत राहते, मला हे पटत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली. पाणी ओसरल्यावर घरोघरी रंगकाम, नवे फ्रिज, गाद्या, मोटारींची दुरुस्ती, औषधं. हा सगळा खर्च जीडीपीत जमा होतो. वाहून गेलेलं सामान त्यातून वजा होत नाही. आणि त्यानंतर जुलैत पावसाची झड लागली की माझ्या सासूबाई रात्री उठून उठून विचारायच्या, "पाणी किती फुटांवर आलं गं?" ती मोडलेली झोप कुठल्याच हिशेबात नाही.

न्यूझीलंडनं २०१९ चा अर्थसंकल्पच 'वेलबीइंग बजेट', म्हणजे लोकांच्या सुखसमाधानाचा अर्थसंकल्प, म्हणून मांडला आणि मानसिक आरोग्यासाठी १.९ अब्ज न्यूझीलंड डॉलर ठेवले. वेल्समध्ये २०१५ चा कायदा आहे, सरकारी संस्थांना पुढच्या पिढ्यांच्या हिताचा विचार करावाच लागतो.

आपल्याकडे अशा हिशेबाची सुरुवात ऊसतोडीपासून करावी. हंगामात गाळपाचे टन आणि साखरेचा उतारा (उसातून किती टक्के साखर निघाली ते) पेपरात छापून येतो. फडावर आलेल्या बायकांना पिण्याचं पाणी, संडास मिळाला का, पोरांची शाळा किती महिने बुडाली, हे त्याच तक्त्यात का नसावं? जिल्हा नियोजन समितीपुढे हे आकडे आले, तर निधी वाटताना त्यावर बोलावं तरी लागेल.