आयसीडी-१० वरून ११ वर यायचंय: तालुक्याच्या ओपीडीत सुरुवात कुठून करावी?

खानापूर_ओपीडी
नमस्कार. आमच्या मानसिक आरोग्य ओपीडीत दोन वैद्यकीय अधिकारी, एक समुपदेशक आणि एक सिस्टर आहेत. सगळ्यांचं शिक्षण आयसीडी-१० वर (आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं, डब्ल्यूएचओचं, आजारांचं वर्गीकरण; १० ही जुनी आवृत्ती, ११ नवी) झालेलं, केसपेपरवर अजून एफ३२ (डिप्रेशन), एफ२० (स्किझोफ्रेनिया) हे जुने कोडच पडतात. सगळे एकदम बेळगावला किंवा धारवाडला प्रशिक्षणाला गेले तर ओपीडी बंद ठेवावी लागते. जागेवर राहून नवे निकष अंगवळणी कसे पाडायचे? सोबत डीएसएम, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं पुस्तक, तेही वाचावं का?

निपाणीकर
डॉक्टर, कोडपासून नको, निकषांपासून सुरू करा. डब्ल्यूएचओनं मार्च २०२४ मध्ये सीडीडीआर, म्हणजे निदानाच्या सविस्तर सूचनांचं पुस्तक काढलंय, पीडीएफ फुकट आहे. पहिल्या पानापासून वाचत बसू नका, ते कुणाचंच पुरं होत नाही. रजिस्टरमधून गेल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त लिहिलेली सहा निदानं काढा. आठवड्याला एक, पाऊण तास. जुना आणि नवा निकष शेजारीशेजारी ठेवायचा, मग त्याच निदानाचे चार जुने केसपेपर नाव झाकून वाचायचे. प्रत्येकानं आपलं निदान आधी चिठ्ठीवर लिहायचं, बोलायचं नंतर. आधी चर्चा झाली की सगळे वरिष्ठांच्याच मताला मान डोलावतात आणि कोण कुठे चुकतंय ते कळत नाही.

डिप्रेशनच घ्या. आयसीडी-१० मध्ये उदासी, रस नसणं, थकवा या तिनांतली दोन आणि इतर दोन लक्षणं असली की सौम्य डिप्रेशन लिहिता यायचं. ११ मध्ये दहांपैकी किमान पाच हवीत, दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ; त्यांत उदासी किंवा रस नसणं यांपैकी एक असायलाच हवं. उदासी, थकवा, झोप नाही, भूक नाही: ही चारच झाली. लक्ष लागतं का, अपराधी वाटतं का, पुढचं सगळं अंधारलेलं दिसतं का, मरणाचे विचार येतात का, हे विचारल्याशिवाय पाचवं आहे की नाही ते ठरत नाही. गर्दीच्या दिवशी नेमके हेच प्रश्न गळतात.

धारवाड_पीएसडब्ल्यू
डीएसएम वाचा, पण केसपेपरवर दोन्हींची सरमिसळ नको. लांबलेल्या शोकाचं निदान आयसीडी-११ मध्ये जवळचं माणूस गेल्यावर सहा महिन्यांनंतर करता येतं. डीएसएम-५-टीआरमध्ये (२०२२) प्रौढांसाठी बारा महिने लागतात. एकाच ओपीडीत दोघांनी दोन पुस्तकं धरली, तर शोकातल्या एकाच बाईला एक डॉक्टर आजारी ठरवेल आणि दुसरा नाही. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ च्या कलम ३ मध्ये आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख आहे, तेव्हा तीच धरा. आणि नुसते महिने मोजू नका: वर्षश्राद्धापर्यंत घरानं सणवार न करणं आपल्याकडे रीतीला धरूनच आहे. शोक त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेलाय का आणि रोजचे व्यवहार अडलेत का, हे दोन्ही लिहा.

सौंदत्तीकर
आपल्या भागात 'अंगात येणं' हमखास समोर येतं. आयसीडी-१० मध्ये याला एफ४४.३ हा एकच कोड होता. ११ मध्ये दोन झाले: ६बी६२ मध्ये भान बदलतं पण ओळख तीच राहते, ६बी६३ मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी संचार झाल्याचा अनुभव असतो. यल्लम्माच्या जत्रेत, सगळ्यांना मान्य असलेल्या विधीत अंगात आलं, तर तो आजार नव्हे. विचारा: नको असताना येतं का? देवळाबाहेर, शेतात, चुलीपाशी येतं का? वारंवार येतं, की एकदाच येऊन कित्येक दिवस टिकलं? दारू, औषधं आणि फिट यांची खात्री करूनच निदान लिहा. फिट सुटली तर रुग्णाचं फार नुकसान होतं.

निपाणीकर
एक राहिलं. संगणकात एफ कोडच भरावा लागत असेल तर तो भरा, पण कागदावर ११ चं निदान शब्दांत लिहा. जुन्या-नव्या कोडचा तक्ता बघून यांत्रिक बदल करू नका. एफ२०.० सरळ ६ए२० होतो, कारण स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड वगैरे उपप्रकार गेलेत. व्यक्तिमत्त्व विकारात मात्र जुने प्रकार जाऊन सौम्य, मध्यम, तीव्र अशी पातळी आलीय. ती जुन्या कोडवरून काढता येत नाही, रुग्णाला पुन्हा बोलवावंच लागतं.