स्केलिंग, ब्लीचिंग, शेड ए३, '११ नॉन-व्हायटल'... हे सगळं कुणी समजावेल का?

रानवारा२२
दात पिवळट दिसतात म्हणून डेंटिस्टकडे गेले होते, त्यांनी तपासून एक कागद हातात दिला, बाहेर पेशंट खोळंबलेले त्यामुळे नीट विचारताच आलं नाही. कागदावर लिहिलंय: 'स्टेन्स प्लस प्लस, कॅलक्युलस प्लस, शेड ए३, ११ डिसकलर्ड, नॉन-व्हायटल?, आयओपीए. स्केलिंग-पॉलिशिंग, मग ११ इंटर्नल ब्लीच, मग होम ब्लीच ट्रे, १०%.' आता स्केलिंग आणि ब्लीचिंग एकच ना? आणि अकरावा दात कुठला, मागून मोजत आले तर सुळ्यावर जाऊन थांबते, तो तर चांगलाय, करडा दिसतोय तो समोरचा, लहानपणी पडले होते तेव्हा मार बसलेला. त्याच्या शेजारच्या दातात जुनं फिलिंग आहे. एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ व्हाइटनिंग स्ट्रिप्स आणून लावल्या तर?

बिनधास्त_बोल
डॉक्टर लोकांचं काय, यादी वाढवतातच. चारकोल पावडर घ्या, रोज घासा, दात चकाचक.

दातदुरुस्ती
चारकोल नको हो. ती पावडर वरचे डाग खरवडते एवढंच, दाताचा आतला रंग तिने बदलत नाही. आणि जोर लावून रोज घासलं तर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, झिजतं, ते परत येत नाही, आणि त्याच्याखालचं डेंटिन मुळातच पिवळट असतं, म्हणजे घासून घासून दात उलट जास्तच पिवळा दिसायला लागणार.

ताई, मी प्रॅक्टिस करते, तुमचा कागद वाचून सांगते. यादी वाढवलेली वगैरे काही नाही, उलट क्रम अगदी बरोबर लावलाय.

आधी ११. तो अकरा नाही, 'एक-एक' असा वाचायचा. तोंडाचे चार भाग धरतात, तुमचा वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४, हा झाला पहिला आकडा. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजत जायचा. म्हणजे ११ हा वरचा उजवीकडचा अगदी मधला दात, तुमचा करडा तोच असणार. डावीकडचा मधला २१. सुळे १३ नि २३, अक्कलदाढा १८, २८, ३८, ४८.

नॉन-व्हायटल म्हणजे आतली नस मेलेली. मार बसल्यावर कधीकधी असं होतं, रक्ताचे घटक आतून डेंटिनमध्ये झिरपतात आणि दात करडा पडतो, दुखेलच असं नाही. पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय कारण अजून खात्री करायचीय. आयओपीए म्हणजे त्या एकाच दाताचा छोटा एक्स-रे, त्यात मुळाच्या टोकाशी काही आहे का ते बघतात, शिवाय थंड लावूनही तपासतात. नस खरंच गेली असेल तर आधी रूट कॅनल, मगच इंटर्नल ब्लीच, म्हणजे औषध दाताच्या आत ठेवून वरून बंद करायचं आणि काही दिवसांनी बदलायचं, असं रंग जुळेपर्यंत. स्ट्रिप्स लावून हा एक दात बाकीच्यांना गाठू शकत नाही, बाकीचे उजळतील आणि हा अजूनच उठून दिसेल. म्हणून स्ट्रिप्स सध्या तरी नको. आणि एक्स-रे न काढता ब्लीच सुरू करणाऱ्याकडे तर जाऊच नका.

स्केलिंग म्हणजे सफाई. प्लाक म्हणजे दातावरचा मऊ चिकट थर, ब्रशने निघतो, तो तसाच राहून कडक झाला की कॅलक्युलस, आपण कीटण म्हणतो, ते घरी निघत नाही. पॉलिशिंगने वरवरचे डाग जातात. यात दात मूळ रंगापेक्षा पांढरे होत नाहीत, पण बऱ्याच जणांना एवढ्यावरच समाधान होतं, तेव्हा आधी हे करून आरशात बघा. ब्लीचिंगमध्ये पेरॉक्साइड नावाचं रसायन इनॅमलमधून आत जाऊन रंगद्रव्य फोडतं, ते वेगळंच काम.

सिरॅमिकवाला
मी लॅबमध्ये कॅप बनवतो, शेडबद्दल लिहितो. व्हिटा क्लासिकल म्हणून १६ नमुना दातांची पट्टी असते, ए लालसर तपकिरी, बी लालसर पिवळा, सी करडा, डी लालसर करडा, आणि आकडा वाढेल तसा रंग गडद. ए३ मध्ये काळजी करण्यासारखं काही नाही, भरपूर लोकांचे दात त्याच पट्ट्यातले. उजळ ते गडद लावलं तर सगळ्यात पुढे बी१ येतो, ए१ नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि शेड तपासायची ती खुर्चीवर बसल्या बसल्या, तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि फिकट दिसतात. ब्लीचिंग झाल्या झाल्या काढलेल्या 'आधी-नंतर' फोटोंत या सुकण्याचा वाटा असतोच, दिवसभरात थोडा रंग परत खाली येतो. ट्रीटमेंटच्या आधी नमुना दात शेजारी धरून फोटो काढून ठेवायला सांगा, नंतर वाद नको.

रानवारा२२
किती सोपं करून सांगितलंत दोघांनी! ११ चं कोडं सुटलं, आधी एक्स-रेच काढते. अजून दोन गोष्टी. होम ब्लीच म्हणजे कमी ताकदीचं का, १०% लिहिलंय, आणि क्लिनिकमध्ये ३५% असतं म्हणे. आणि दात आंबतात का त्याने?

दातदुरुस्ती
टक्के बघताना नाव पण बघा. ट्रे म्हणजे दातांच्या मापाचा पातळ साचा, त्यात औषध भरून दातांवर बसवायचा. ट्रेमधलं बहुतेक कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, १०% कार्बामाइड म्हणजे साधारण ३.५% हायड्रोजन पेरॉक्साइड. क्लिनिकमधलं बऱ्याचदा थेट हायड्रोजन पेरॉक्साइडच, म्हणजे कितीतरी जास्त ताकदीचं, म्हणून हिरडीला आधी संरक्षक थर लावतात. ट्रेवालं रात्री घालून झोपायचं, दोनेक आठवडे. सावकाश होतं पण रंग छान येतो, मी स्वतः तेच सुचवते. निळ्या लाइटचा गाजावाजा फार, टिकाऊ फरक त्याने विशेष पडत नाही.

दात आंबतात, सणक पण येते, बहुतेकांना थोडे दिवसच. पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे सणक कमी करणारी टूथपेस्ट आधीपासून वापरा आणि त्रास झाला तर एक रात्र सोडून ट्रे घाला. गरोदर असाल किंवा कुठे कीड असेल तर ब्लीच पुढे ढकला.

सिरॅमिकवाला
आणि ते ११ च्या शेजारच्या दातातलं फिलिंग! फिलिंग, कॅप, व्हीनिअर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा), कशावरच ब्लीचचा परिणाम होत नाही, दात उजळला तरी फिलिंग जुन्याच रंगाचं राहणार. ते बदलावं लागेल पण आधी नाही, ब्लीच संपल्यावर निदान दोन आठवडे थांबून. एक तर रंग स्थिर होतो, दुसरं म्हणजे पेरॉक्साइडचा अंश दातात असेपर्यंत फिलिंग नीट चिकटत नाही. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, कागदावर त्याचा उल्लेख दिसत नाहीये.